नेट सारखं जातंय: घरच्या ब्रॉडबँडबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "कुणाचं नेट गेलंय का?" हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतो. मी नेटवर्किंगच्या कामात असल्यामुळे शेजारी, नातेवाईक आणि नातेवाइकांचे शेजारी मला फोन करतात. कुणाच्या मुलीची ऑनलाइन परीक्षा मध्येच थांबलेली असते, कुणाची नोकरी घरून चालते, कुणाच्या आईला परदेशातल्या नातवाचा चेहरा फक्त रविवारी दिसतो आणि नेमकं तेव्हाच चक्र फिरत राहतं. ही तक्रार मला कधीच किरकोळ वाटली नाही. त्या फोनवर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे लिहून ठेवतोय. आता बहुतेक घरांत फायबर, म्हणजे प्रकाशातून नेट आणणारी काचेची तार, आलेली आहे, म्हणून भर तिच्यावर आहे.

आमचं नेट दिवसातून पाच-सहा वेळा जातं. सगळ्यात आधी काय करू?

राउटर बंद-चालू करू नका. निदान पहिल्या दोन-तीन वेळा तरी नको. नेट गेल्यावर राउटरच्या डब्यावर कोणता दिवा लागलाय, हा तुमच्याकडचा सगळ्यात मोठा पुरावा असतो आणि बटण दाबलं की तो पुसला जातो. नेट गेलं की उठून डब्याजवळ जा आणि मोबाइलनं त्याचा फोटो काढा. फोटोला तारीख आणि वेळ आपोआप लागते. दोन-तीन दिवसांत असे पाच-सहा फोटो जमले की बिघाड कुठे आहे, याचा अंदाज टेक्निशियन यायच्या आधीच येतो.

"नेट जातं" या दोन शब्दांमागे पाच अगदी वेगळे बिघाड असू शकतात: डब्याची वीज, बाहेरून येणारी फायबर, खुद्द डबा, घरातलं वाय-फाय, किंवा कंपनीकडची यंत्रणा. यातला कोणता ते कळेपर्यंत नवा राउटर आणू नका आणि कंपनीही बदलू नका. मी पाहिलेल्या अनेक घरांत चार-पाच हजारांचा राउटर आणूनही नेट जातच राहिलं, कारण दोष जिन्यातल्या पेटीत होता.

डब्यावरचे दिवे कसे वाचायचे?

फायबर ज्या डब्यात शिरते त्याला ओएनटी किंवा ओएनयू म्हणतात. बऱ्याच घरी ओएनटी आणि वाय-फाय राउटर एकाच डब्यात असतात. तीन दिवे ओळखा. पहिला पॉवरचा. दुसरा पॉनचा: हा हिरवा स्थिर असेल तर डब्याची कंपनीकडच्या यंत्राशी नोंदणी झालेली आहे, लुकलुकत असेल तर नोंदणीचा प्रयत्न चालू आहे. तिसरा एलओएसचा, म्हणजे 'सिग्नल हरवला' असं सांगणारा. तो एरवी विझलेलाच असायला हवा. तो लाल झाला म्हणजे काचेच्या तारेतून येणारा प्रकाश डब्यापर्यंत पोचत नाही, किंवा फारच क्षीण पोचतो. अशा वेळी वाय-फायच्या सेटिंगमध्ये काहीही शोधू नका. दोष फायबरच्या वाटेवर आहे.

एलओएस विझलेला, पॉन स्थिर, तरी नेट नाही, असं असेल तर प्रकाश नीट येतोय. मग दोष डब्यात, वाय-फायमध्ये किंवा कंपनीकडे.

लाल दिवा लागतो आणि मिनिटाभरात आपोआप जातो. तुटलेली केबल अशी परत कशी जोडली जाईल?

केबल तुटलेली नसते, प्रकाश काठावर आलेला असतो. हे जरा सविस्तर सांगतो, कारण सारखं नेट जाण्याचं हे कारण मला सगळ्यात जास्त वेळा सापडलं आहे.

तुमच्या घरी येणारी फायबर ही केसाएवढ्या जाडीची काच आहे. ज्या गाभ्यातून प्रकाश जातो तो तर जेमतेम ९ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान. आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या जीपॉन पद्धतीत कंपनीकडून १४९० नॅनोमीटरचा प्रकाश येतो आणि तुमच्या डब्यातून १३१० नॅनोमीटरचा परत जातो, दोन्ही एकाच काचेतून. वाटेत स्प्लिटर नावाची वाटणीची पेटी असते. तिला वीज लागत नाही, ती फक्त प्रकाश वाटते. एका फायबरची ३२ घरांत वाटणी केली तर निव्वळ वाटणीतच १५ डेसिबल (प्रकाशाची घट मोजायचं एकक) जातात. पुढे प्रत्येक जोडावर, प्रत्येक कनेक्टरवर आणि प्रत्येक वळणावर थोडा थोडा प्रकाश गळतो. ३ डेसिबल गेले म्हणजे उरलेल्यातला निम्मा प्रकाश गेला.

लाइन नवी असताना हा हिशेब जमतो. मग कुणीतरी सोफा मागे सरकवतो, कनेक्टरवर धूळ बसते, गच्चीवरची केबल उन्हानं कडक होते. प्रकाश डब्याच्या सहनशक्तीच्या सीमेवर येतो. त्यानंतर पंख्याच्या वाऱ्यानं तार हलली किंवा दुपारी पेटी तापली, एवढंही पुरतं. दिवा लाल होतो, तार परत जागेवर आली की हिरवा.

साताऱ्याला मावशीकडे तीन आठवडे हे चाललं होतं. नेट रोज सकाळी जायचं आणि दुपारनंतर ठीक असायचं. फोनवर काही उलगडेना म्हणून गेलो. दिवाळीच्या साफसफाईत लोखंडी कपाट भिंतीला टेकवलं होतं आणि फायबर त्याच्यामागे चिमटली होती. सकाळी साड्या काढायला कपाटाचं दार उघडलं की कपाट किंचित मागे झुकायचं. कपाट चार बोटं पुढे ओढलं, तार सरळ केली आणि तक्रार संपली. मावशीनं तोवर दोनदा तक्रार नोंदवली होती, पण टेक्निशियन येई तेव्हा दिवा हिरवाच असे.

म्हणून आधी घरातला फायबरचा पूर्ण रस्ता डोळ्यांनी तपासा: दाराची फट, खिडकीची सरकती चौकट, कपाटामागचा भाग, खिळ्याला बांधलेली गाठ. साधी फायबर ३० मिलिमीटरपेक्षा लहान त्रिज्येत वाकवायची नसते. वाकणं सोसणाऱ्या नव्या जाती १० किंवा साडेसात मिलिमीटरपर्यंत चालतात, पण तुमच्याकडे कोणती आहे ते बाहेरून कळत नाही. त्यामुळे वेटोळं चहाच्या बशीएवढं मोठं ठेवा. उरलेली तार आवळून रबर बँड लावू नका.

कनेक्टर काढून पुसला तर चालेल का?

बोटानं, शर्टानं, फुंकर मारून तर अजिबात नको. त्या ९ मायक्रॉनच्या गाभ्यासमोर धुळीचा एक कण बसला तरी पुरतो. हे काम टेक्निशियनच्या क्लीनरचं. काढलेल्या टोकात डोळा घालून बघू नका, तो प्रकाश अवरक्त असतो, डोळ्यांना दिसत नाही, म्हणून धोका कळतही नाही. आणखी एक गोष्ट मात्र तुम्ही बघू शकता: कनेक्टरचा रंग. हिरव्या कनेक्टरचं टोक ८ अंशांत तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं नसतं. हिरवा निळ्यात खुपसला तर तो बसतो, नेटही कधी कधी चालतं, पण बराच प्रकाश वाया जातो. घाईत केलेल्या दुरुस्तीनंतर नेट जायला लागलं असेल तर हे जरूर बघा.

प्रकाश किती येतोय हे मला घरबसल्या कळेल का?

बहुतेक डब्यांत कळतं. डब्याखालच्या स्टिकरवर एक पत्ता आणि पासवर्ड असतो. पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असतो, ब्राउझरमध्ये तो इंग्रजी अंकांत टाकायचा. आत 'ऑप्टिकल' किंवा 'पॉन' असं पान शोधा आणि 'आरएक्स पॉवर' हा आकडा बघा. तो डीबीएममध्ये (प्रकाशाची ताकद मोजायचं एकक) आणि उणे असतो. उणे १५ ते उणे २४-२५च्या दरम्यान असेल तर लाइन उत्तम. उणे २७च्या पलीकडे असेल तर तुम्ही काठावर आहात. उणे ८पेक्षाही जोरदार, म्हणजे उणे ७ किंवा ६ असेल तर तेही वाईट, डबा प्रकाशानं दिपतो. ते क्वचित घडतं.

हा आकडा नेट चांगलं चालू असताना एका कागदावर लिहून डब्याला चिकटवून ठेवा. माझ्या मते घरच्या नेटसाठी करण्यासारखं सगळ्यात उपयोगाचं काम हेच आहे. तक्रार करताना "नेट स्लो आहे" म्हणण्याऐवजी "जूनमध्ये उणे २१ होता, आता उणे २८ आहे" असं म्हटलं की समोरच्या माणसाला काय करायचं ते लगेच कळतं.

पावसाळ्यातच जास्त का जातं?

काचेला पाण्यानं काही होत नाही, पण जोडांना होतं. गच्चीवरची किंवा खांबावरची पेटी नीट बंद नसेल तर जोडांत ओल शिरते आणि प्रकाश कमी होतो. झाडाच्या ओल्या फांद्या जड होऊन लटकत्या केबलवर टेकतात, वाऱ्यात घासत राहतात. पावसात नेट जातं आणि ऊन पडलं की तासा-दोन तासांत सुधारतं, असं असेल तर "पेटीत पाणी आहे, झाकण बघा" असं स्पष्ट सांगा.

पावसाखेरीजही आपल्याकडे बाहेरच्या केबलला बरेच वैरी आहेत. उंदीर डक्टमध्ये, खारी खांबांवर कुरतडतात. कोकणात माकडं आणि वानर केबलवर लोंबकळतात. गणपतीच्या दिवसांत उंच मूर्ती जाताना केबल काठीनं वर उचलाव्या लागतात, मंडपाच्या बांबूंना त्या बांधल्याही जातात. त्यानंतर आठवडाभर तुमच्या गल्लीत नेट जात असेल तर तिथेच शोधा.

आमचंच नाही, एकाच जिन्यातल्या सगळ्यांचं एकदम जातं. असं का?

दोन कारणं नेहमीची. स्प्लिटरपर्यंत येणारी मुख्य फायबर दुखावलेली असते, किंवा तुमच्या भागातल्या यंत्राची वीज जात असते.

तिसरं कारण कमी वेळा घडतं, पण फार छळतं. एका स्प्लिटरवरची सगळी घरं कंपनीकडे एकाच फायबरवरून प्रकाश पाठवतात, म्हणून प्रत्येक डब्याला बोलायची ठरावीक वेळ दिलेली असते. एखादा बिघडलेला डबा आपली वेळ सोडून सतत लेझर चालू ठेवतो आणि त्याच्यामुळे बाकीच्यांचं बोलणं बुडतं. आमच्याच इमारतीत हे झालं. एका बंद फ्लॅटमधला जुना डबा चालूच राहिला होता. आठ-नऊ घरांचे डबे बदलून झाले, फरक पडला नाही. शेवटी टेक्निशियननं पेटीतल्या फायबर एकेक करून काढून पाहिल्या, तेव्हा तो सापडला. सगळ्यांचं एकदम जातंय आणि डबे बदलूनही सुधारत नाही, असं असेल तर हे त्यांना सुचवा.

रस्ताखोदाईही आहेच. जेसीबीच्या एका फटक्यात शेकडो घरं बंद होतात. खोदणाऱ्यानं आधी कळवावं म्हणून केंद्र सरकारनं मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप आणलं. सोसायटीत ड्रेनेज किंवा पाइपलाइनचं काम काढणार असाल तर कंत्राटदाराला त्याची आठवण द्या, आणि केबलवाल्याला आदल्या दिवशी फोन करा.

लाल दिवा एकदाही दिसला नाही, तरी नेट जातंच. आता?

आता लॅपटॉप घ्या. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. दोन्हींत पिंग हा शब्द इंग्रजीत लिहायचा, पुढे पत्ता, शेवटी उणे चिन्ह आणि इंग्रजी टी. पहिल्या खिडकीत तुमच्या राउटरचा पत्ता, दुसरीत ८.८.८.८, म्हणजे गूगलचा सार्वजनिक सर्व्हर. सगळे अंक इंग्रजीत. दर सेकंदाला एक उत्तर येत राहील. हे तसंच चालू ठेवून तुमचं काम करत राहा.

नेट अडकलं की दोन्ही खिडक्या बघा. राउटरकडूनच उत्तर येत नसेल तर दोष तुमच्या वाय-फायमध्ये किंवा खुद्द डब्यात आहे, बाहेरच्या लाइनमध्ये नाही. राउटर एक-दोन मिलिसेकंदांत नीट उत्तर देतोय आणि फक्त ८.८.८.८ थांबलंय, तर तुमचं घर निर्दोष आहे, दोष बाहेर. दोन्ही चालू आहेत आणि फक्त एखादी साइट उघडत नाही, तर दोष त्या साइटचा. शक्य असेल तर हीच परीक्षा एकदा लॅपटॉपला लॅन केबल (राउटरला थेट जोडणारी तार) लावून करा. केबलवर तासभर एकही उत्तर चुकलं नाही आणि वाय-फायवर चुकतात, तर आणखी कशाचीही गरज नाही, उत्तर मिळालं.

दोष वाय-फायचा निघाला. हॉलमध्ये चालतं, आतल्या खोलीत तुटतं.

डबा कुठे आहे? टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटावर, शू रॅकच्या आत, दाराच्या वर असलेल्या मीटरच्या पेटीत? टेक्निशियन केबल जिथे सोडतो तिथेच डबा बसवतो, घराचा मध्य शोधत नाही. आरसीसीच्या भिंती आणि खांब, त्यातल्या सळया, टाइल्स लावलेली बाथरूमची भिंत, आरसा, फिश टँक, हे सगळं सिग्नल अडवतं. गावाकडची जांभ्या दगडाची जाड भिंतही तशीच. डबा उघड्यावर, छातीएवढ्या उंचीवर, घराच्या मध्याकडे आणा. यासाठी फायबर ओढू नका, पुरेशी लांब पॅच कॉर्ड, म्हणजे दोन्ही टोकांना कनेक्टर असलेली तयार फायबर, मागून घ्या.

मग बँड. २.४ गिगाहर्ट्झचं वाय-फाय लांब जातं, भिंती पार करतं, पण तिथे गर्दी प्रचंड असते. शेजारच्या वीस घरांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हन सगळे त्याच पट्ट्यात आहेत. जेवण गरम करताना कॉल तुटत असेल तर तो योगायोग नाही. ५ गिगाहर्ट्झ वेगवान आणि मोकळं असतं, पण एका-दोन भिंतींत दमतं. दोन्हींचं नाव एकच ठेवलं तर काही फोन इकडून तिकडे उड्या मारत राहतात आणि प्रत्येक उडीला कॉल अडखळतो. असं होत असेल तर आठवडाभर दोन वेगळी नावं देऊन बघा: हॉलमधला टीव्ही आणि लॅपटॉप ५वर, आतल्या खोलीतला फोन २.४वर.

२.४मध्ये चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकीच एक निवडा, एवढेच तीन एकमेकांवर चढत नाहीत. चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ४० केल्यानं वेगाचा आकडा वाढतो, पण दाट वस्तीत जोडणी तुटण्याचं प्रमाणही वाढतं.

एकच फोन तुटतो, बाकी ठीक, असं असेल तर त्या फोनमधलं वाय-फाय 'विसरून' पुन्हा जोडा आणि बॅटरी सेव्हर बंद करून बघा.

आणि कृपा करून कामाच्या लॅपटॉपला, टीव्हीला लॅन केबल लावा. १०० मीटरपर्यंतची साधी केबल वाय-फायपेक्षा भरवशाची असते. घराचं रंगकाम किंवा नूतनीकरण काढलं असेल तर प्रत्येक खोलीत एक लॅन पॉइंट टाकून घ्याच.

आतल्या खोलीसाठी जुना राउटर जोडला. तेव्हापासून सगळ्या घराचं नेट जायला लागलं.

दोन्ही राउटर घरातल्या उपकरणांना पत्ते वाटतायत. याला डीएचसीपी म्हणतात आणि हे काम घरात एकानंच करायचं असतं. शिवाय दोघांचा स्वतःचा पत्ताही बहुधा १९२.१६८.१.१च असतो. मग कुठला फोन कुणाकडे जाईल याचा नेम नाही. जुन्या राउटरमध्ये शिरून त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, डीएचसीपी बंद करा आणि केबल त्याच्या लॅन पोर्टला लावा. त्याला 'ॲक्सेस पॉइंट' असा पर्याय असेल तर तो निवडला की हे सगळं आपोआप होतं.

याचाच मोठा भाऊ इमारतींत दिसतो. जिथे केबलवाल्यानं फायबरऐवजी गच्चीवरच्या स्विचपासून घरोघरी लॅन केबल दिली आहे, तिथे एखाद्यानं ती चुकून आपल्या राउटरच्या वॅनऐवजी (बाहेरच्या नेटसाठीचं पोर्ट) लॅन पोर्टला लावली, तर त्याचा राउटर शेजाऱ्यांनाही पत्ते वाटायला लागतो आणि अख्ख्या इमारतीचं नेट डळमळतं. नवं भाडेकरू कुटुंब आलं आणि नेट बिघडलं, असं झालं तर त्यांच्याकडे जाऊन आपुलकीनं केबल बघून घ्या. त्यांना याची कल्पनाही नसते.

डबा मध्येच स्वतःहून बंद होऊन सुरू होतो.

ॲडॅप्टर बदला. डब्याच्या पानावर 'अपटाइम' नावाचा आकडा असतो, म्हणजे डबा किती वेळ सलग चालू आहे ते. नेट आत्ताच गेलं होतं आणि अपटाइम पाच मिनिटं दाखवतोय, तर डबा रीस्टार्ट झाला. अपटाइम दहा दिवस दाखवतोय, तर डबा चालूच होता, दोष दुसरीकडे. ॲडॅप्टर वर्षानुवर्षं चोवीस तास चालू राहून आतून थकतात, दिवा लावण्यापुरती वीज देतात, पण वाय-फायचा भार वाढला की कोलमडतात. नवा घेताना जुन्यावरचा आकडा जुळवा: व्होल्ट अगदी तेवढेच, ॲम्पिअर तेवढे किंवा जास्त. ढिला एक्स्टेन्शन बोर्ड हेही तितकंच नेहमीचं कारण.

लाइट गेली की नेट जातं. इन्व्हर्टर लागेल का?

फक्त नेटसाठी नको. १२ व्होल्टचा छोटा राउटर यूपीएस मिळतो, त्यावर डबा काही तास चालतो. दोन डबे वेगळे असतील तर दोघांनाही जोडा, बरेच जण ओएनटी विसरतात. मात्र महावितरणनं देखभालीसाठी दिवसभर बंद ठेवलं आणि तुमच्या केबलवाल्याच्या यंत्राला बॅटरी नसेल, तर तुमचा यूपीएस काही करू शकणार नाही. सोसायटीनं मिळून त्याच्याकडे बॅटरीचा आग्रह धरावा.

बाकी सगळं चालतं, फक्त व्हिडिओ कॉल अडकतो.

बहुधा घरातलाच कुणाचा तरी फोन दिवसभराचे फोटो आणि व्हिडिओ ढगात चढवतोय. अपलोडची वाट भरली की कॉलचे छोटे छोटे तुकडे त्या रांगेत अडकतात. डाउनलोडचा वेग ३०० एमबीपीएस असला तरी हे होतं. फोटोंचा बॅकअप रात्रीसाठी लावा. राउटरमध्ये 'क्यूओएस' (कुणाला किती वेग द्यायचा ते ठरवायची सोय) असेल तर अपलोडची मर्यादा खऱ्या वेगाच्या जरा खाली ठेवा.

फक्त ऑफिसचं व्हीपीएन तुटतं.

राउटरच्या पानावर तुमचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानं सुरू होतो का बघा. तसं असेल तर कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटून देतेय आणि काही वेळ शांत राहिलेली जोडणी तिथे कापली जाते. ऑफिसच्या आयटीवाल्यांना 'कीप-अलाइव्ह' (जोडणी शांत पडू न देणारी सेटिंग) चालू करायला सांगा. ते नाही जमलं तर कंपनीकडून स्वतंत्र स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त तुमचा न बदलणारा पत्ता, विकत मिळतो.

वाय-फाय जोडलेलं दिसतं, पण खाली "इंटरनेट नाही" लिहून येतं.

आधी प्लॅन संपला नाही ना ते बघा, हे खरंच बऱ्याचदा निघतं. मग लॅपटॉपचा पत्ता बघा. तो १६९.२५४नं सुरू होत असेल तर राउटरनं त्याला पत्ताच दिलेला नाही, राउटर एकदा रीस्टार्ट करा. पत्ता ठीक आहे, ८.८.८.८ उत्तर देतोय, पण नावानं एकही साइट उघडत नाही, तर डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी यंत्रणा, अडलंय. राउटरमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ आणि १.१.१.१ टाका.

रात्री नऊनंतर फार हळू होतं.

ते जाणं नव्हे, गर्दी आहे. सगळी इमारत तेव्हाच मालिका आणि सामने बघते. आठवडाभर सकाळी सातला आणि रात्री दहाला लॅन केबल लावून वेग मोजा, फरक मोठा असेल तर तेच आकडे तक्रारीत द्या.

विजा चमकतात तेव्हा डबा काढून ठेवावा का?

हो, पण विजा जवळ यायच्या आधीच. मे महिन्याच्या वळवात मी सगळ्यात जास्त मेलेले राउटर पाहतो. काचेतून वीज येत नाही, पण ॲडॅप्टरमधून आणि गच्चीवरून आलेल्या लॅन केबलमधून येते. आभाळ भरून आलं की गडगडाट सुरू व्हायच्या आधीच प्लग आणि लॅन केबल दोन्ही काढा, विजा चमकत असताना तारांना हात लावू नका. नुसतं बटण बंद करून पुरत नाही.

गावी अजून लँडलाइनवरचं नेट आहे. फोन वाजला की नेट जातं.

फोन आणि मोडेम यांच्यामधला स्प्लिटर, म्हणजे ती छोटी फिल्टरची डबी, लावलेली नाही किंवा खराब आहे. घरात दुसरा समांतर फोन असेल तर त्यालाही हवी. रिसीव्हर उचलून ऐका: खरखर असेल तर तांब्याच्या जोडात ओल आहे, ती लाइनमनलाच काढावी लागेल.

कस्टमर केअर म्हणतं, "आमच्याकडून लाइन ओके आहे."

वाद घालू नका, नेमकं विचारा. वीज जाताना बहुतेक ओएनटी शेवटचा एक निरोप पाठवून बंद होतात, त्यामुळे वीज गेली की फायबर तुटली हे कंपनीच्या यंत्रणेत वेगळं दिसतं. तुमच्या फोटोंतल्या वेळा सांगा आणि म्हणा, "मंगळवारी सकाळी १०.४०ला माझा ओएनटी का खाली गेला, तो लॉग बघून सांगा." पलीकडचा माणूस मग स्क्रिप्ट सोडून स्क्रीनकडे बघतो. तोही दिवसभर ओरडा खाणारा माणूस आहे, नेमकी माहिती मिळाली की मनापासून मदत करतो, हा माझा अनुभव आहे.

प्रत्येक तक्रारीचा डॉकेट नंबर घ्याच. तो नसेल तर तक्रार झालीच नाही असं समजा. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक संस्था, स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, पण तिच्या २०१२च्या नियमांनुसार तक्रारीवर समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. त्याला पैसे पडत नाहीत आणि निकाल ३९ दिवसांत द्यायचा असतो. बिघाड तीन दिवसांपेक्षा जास्त रेंगाळला तर भाड्यात सवलत मागा, सेवेच्या गुणवत्तेच्या नियमांत तशी तरतूद आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. त्यापुढे ग्राहक आयोग आहे. दूरसंचार सेवेच्या तक्रारी तिथे चालतात की नाही याबद्दल पूर्वी गोंधळ होता, तो सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२२ मध्ये मिटवला: चालतात.

अखेर टेक्निशियन येतोय. मी काय बघू?

त्याला पाणी द्या, फोटो दाखवा आणि पॉवर मीटर आणलाय का ते विचारा. मीटरशिवाय आलेला माणूस फक्त कनेक्टर काढून घालू शकतो. दोन ठिकाणी मोजायला सांगा: तुमच्या घरात आणि जिन्यातल्या पेटीत. पेटीत उणे २० आणि घरात उणे २७ असेल तर मधल्या पंधरा-वीस मीटरमध्येच दोष आहे, तो तुकडा बदलायचा. पेटीतच उणे २७ असेल तर घरातली तार बदलून काहीही होणार नाही, त्याला वरच्या माणसाला बोलवावं लागेल. तुटलेल्या जागी तो जोड कसा करतो तेही बघा. हातानं बसवलेला कनेक्टर चालतो, पण मशीननं वितळवून केलेलं स्प्लायसिंग जास्त टिकतं, विशेषतः गच्चीवर. तो जायच्या आधी नवा आकडा विचारून घ्या आणि तारखेसह डब्यावरच्या कागदावर लिहा.